हाय का कोन घरात?

वन्सं, काल सोमवार होता. आपली पिठाची गिरणी बंद. सवयीनं पहाटे उठून मी चार भाकरी थापल्या, खर्डा वाटला, कांदे फडक्यात बांधले आणि मग ओट्याशी उभी राहिले, की आता हे खायचं कुणाबरोबर? तुमचे भाऊ उठून आले. त्यांनी बांधलेलं फडकं बघितलं, पुन्हा आत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजले. दारात तुमचे कॅनव्हासचे बूट माझ्या बुटांशेजारी तसेच आहेत, करंजीच्या घाटातली लाल माती अजून तळाला चिकटलेली. ते कुणी हलवायचे, ते ठरत नाही.

तेरावं झालं, पाहुणे गेले. दहाव्याला पिंडाला कावळा लगेच शिवला, हे तुम्हाला सांगायचं राहिलं. सगळं नीट मांडून व्हायच्या आत झडप घालून घास घेऊन गेला. 'काही इच्छा मागे राहिली नाही बाईंची, सुटल्या,' असं सगळे म्हणाले. तुमच्या भावांनी डोळे पुसले, त्यांना बरं वाटलं. मला त्या कावळ्याला दगड मारावासा वाटला. त्याला काय माहीत? भुकेला असेल मेला.

तुमची इच्छा काय राहिली ते मला माहीत आहे. त्यावरून आपण बेलापूरहून येताना एसटीत भांडलो आणि ते भांडण अजून मिटलेलं नाही. म्हणून काल ते फडकं उचललं आणि एकटीच निघाले. कुठं गेले ते तुम्ही ओळखलं असेल. पण मी सगळं पहिल्यापासून सांगणार आहे. तुम्ही मध्ये मध्ये 'शकू, किती पाल्हाळ लावतेस' म्हणायचात, आता म्हणायला नाही, तर ऐका.

मी लग्न होऊन भिंगारला आले तेव्हा तुम्ही माहेरीच होतात. कॉटखाली तुमची पत्र्याची पेटी होती, भरलेली, कुलूप लावलेली. मला वाटलं, दिवाळसणाला आलेली नणंद आहे, जाईल चार दिवसांत. मग सासूबाईंनी हळूच सांगितलं, की दिवाळसण होऊन बरीच वर्षं झाली. बेलापूरच्या पलीकडे साखर कारखान्याच्या वसाहतीत तुमचं घर होतं, एक खोली आणि पुढे ओटा. तुमचे भाऊ तेव्हा पोरसवदा होते, तेच मुराळी म्हणून तुम्हाला दिवाळीला घेऊन आले. भाऊबीज झाली की न्यायला येतो, असं तुमच्या मालकांनी सांगितलं होतं. आले नाहीत. संक्रांत गेली, पाडवा गेला. एकदा तुमचे भाऊ म्हणाले, मीच नेऊन सोडतो. तर मामंजी कडाडले, 'पोरगी आपण होऊन पोचवायची न्हाई. बोलावणं येईल तेव्हा जाईल.' बोलावणं आलं नाही. पुढं कुणाकडून तरी कळलं, की तिकडे दुसरी आली आणि ते कारखाना सोडून कुठंतरी निघून गेले. तरी ती पेटी उघडायला तुम्हाला पुष्कळ वर्षं लागली. उघडलीत त्या दिवशी आतल्या साड्या सरळ मला दिल्यात आणि छावणीतल्या शिंप्याकडे जवानांच्या वर्द्यांना फिती टाचायच्या कामाला लागलात.

नणंद-भावजय म्हणजे विळ्या-भोपळ्याचं सख्य. आपलंही तसंच होतं सुरुवातीला, कशाला खोटं बोला. माझा आवाज गिरणीनं मोठा झालेला, तुमचा सुईसारखा. मी ओरडायची, तुम्ही टोचायचात. पुढं मला साखर निघाली, डॉक्टर म्हणाले चाला, आणि तुमचे भाऊ म्हणाले, ताईला घेऊन जा. पहिल्या दिवशी मैदानाला दोन फेऱ्या झाल्या तशा तुम्ही थांबलात. 'हे काय गं, घाण्याच्या बैलासारखं! कुठंतरी पोचू की.' तिथून सुरू झालं. आधी डोंगरावरचा महाल, मग फराहबाग, मग जुन्या खापरी नळाच्या बाजूनं वर कापूरवाडीकडे. मग एसटीत बसून मिळेल तिथं उतरायचं आणि पडकं दिसेल तिकडे चालायला लागायचं. तुम्हाला काय नजर होती! खिडकीतून बोट दाखवायचात, 'तिथं कुणी राहत नाही बघ.' मला नुसता बाभळीचा झुपका दिसायचा, आणि जाऊन बघावं तर आत खरंच पडकं घर असायचं.

लोकांना वाटायचं आपण गुप्तधन शोधतोय. डोंगरगणच्या वाटेवर त्या बुलेटवाल्यानं अडवलं होतं आठवतं? 'काय खांदता काय, मावशी?' आणि तुम्ही गंभीर चेहऱ्यानं डबा पुढं केलात, 'खांदायला कुदळ कुठाय बाबा? ह्या खर्ड्याच्या डब्यानं खांदू का?' तो खर्डा खाऊन गेला आणि जाताना पाणी मागून गेला. मी हसून हसून खाली बसले होते. एवढी हसलेली मी मला आठवत नाही, ना आधी, ना नंतर.

आणि ती पाथर्डीकडची वस्ती. तिथून आपली रीत सुरू झाली, म्हणून ते सांगायलाच हवं. हिवाळा होता. डोंगराच्या कुशीत दहा-बारा घरं, सगळ्यांच्या कड्या लावलेल्या, अंगणात पाचोळा, चूल थंड, कुत्रं नाही की कोंबडं नाही. आपण दोघी अनुभवी! एकमेकींना म्हणालो, हे गाव उठलेलं दिसतंय, पाणी नसेल म्हणून गेले असतील. तुम्ही तर हळहळलात सुद्धा. शेवटच्या घराला कडी नव्हती, ते ढकलून आपण सरळ आत शिरलो. मी म्हणाले, बघा वन्सं, माणसं भांडीसुद्धा टाकून गेली. तर कोपऱ्यातल्या गोधडीतून एक म्हातारी उठून बसली.

'कोन गं तुमी? आन् टाकून कोन गेलं? मानसाचं घर हाय का उकिरडा?'

माझी बोबडी वळली. एवढा मोठा आवाज माझा, पण फुटेना. तुम्हीच म्हणालात, आजी, आम्हाला वाटलं इथं कुणी राहत नाही.

'न्हाई ऱ्हात? समदी उसाच्या तोडीला गेल्यात, कारखान्यावर. पाडव्याच्या आत येत्याल. म्या मागं ऱ्हायले राखनीला. मंग आमी काय मेलो व्हय? आवाज द्याया काय झालं हुतं? चला, व्हा भाईर!'

आपण बाहेर आलो. ती काठी टेकत दारापर्यंत आली आणि उंबऱ्याच्या आत उभी राहिली. मला वाटलं आता गोफण काढते. तर म्हणाली, 'आता इच्यारा. उंबऱ्याच्या भाईर हुबं ऱ्हायाचं आन् म्हनायचं, हाय का कोन घरात? म्हना.' आपण दोघी शाळेतल्या पोरींसारख्या म्हणालो, हाय का कोन घरात? म्हातारीनं पदर सारखा केला, तोंडभर हसली आणि म्हणाली, 'हाय. या!' मग तिनं चूल पेटवून गुळाचा चहा दिला, बिनदुधाचा. तेवढा वेळ तुम्ही तिच्या तोंडाकडे नुसत्या बघत होतात. मी परतीच्या वाटेवर चुकलो बाई, चुकलो बाई करत होते. तुम्ही म्हणालात, 'कसं म्हणाली गं! हाय, या!'

त्यानंतर तुम्ही एकाही घरात विचारल्याशिवाय शिरला नाहीत. छप्पर उडालेलं असो, भिंती ढासळलेल्या असोत, उंबऱ्याबाहेर उभं राहून, 'हाय का कोन घरात?' मग थांबायचं. मग त्या म्हातारीच्या आवाजात तुम्हीच हळूच म्हणायचात, 'हाय. या.' आणि मग पाऊल आत. तलावाकाठच्या त्या साहेबाच्या बंगल्यात तुम्ही 'या' म्हणालात आणि आतून वटवाघळांचा थवाच बाहेर आला, मी ओरडत पळाले. मी फार चेष्टा केली तुमची. म्हणाले, अहो, इथले मालक कधीच वर गेले, तुम्ही विचारता कुणाला? तुम्ही म्हणायचात, घराला बरं वाटतं. घराला काय कान असतात? 'भिंतीला कान असतात असं तूच म्हणतेस ना रोज? मग घराला का नसावेत?' मी फडकं सोडून जेवायला वाढायची.

एक सांगते वन्सं, हे कधी तोंडानं म्हटलं नाही. त्या सोमवारांनी मला वाचवलं. पीठ नाकातोंडात, पीठ केसांत, दिवसभर पट्ट्याची घरघर, घरी आल्यावर कुणाशी बोलायचं त्राण नाही, असं माझं आयुष्य होतं. तुमच्यामागं चालायला लागल्यापासून मला कळलं, की आपल्याला डोळे आहेत. गर्भगिरीच्या माथ्यावर बसून आपण दोघी बघत बसायचो, खाली शेतं, लांब नगरचा धूर, आणि माझ्या कानातली घरघर तिथं बंद व्हायची. तुम्ही दिलंत ते मला. आणि आता ती घरघर रात्रंदिवस आहे, गिरणी बंद असली तरी.

या हिवाळ्यात एका रविवारी संध्याकाळी, वर्दीच्या उरलेल्या फिती गुंडाळता गुंडाळता तुम्ही म्हणालात, 'उद्या बेलापूरला जाऊ.' बस, एवढंच. मी का म्हणून विचारलं नाही. जरा जास्तच भाकरी केल्या. श्रीरामपूरहून पुढं बेलापूर, तिथून पाटाच्या कडेनं चालत. दोन्ही बाजूंना ऊस. तुम्ही भरभर चालत होतात, वाट विचारायची गरजच नव्हती. कारखाना केव्हाचा बंद. वसाहतीच्या ओळीच्या ओळी उभ्या होत्या, दारं-खिडक्या लोकांनी काढून नेलेल्या, मधून बोगनवेल माजलेली. तुम्ही सांगत होतात, 'इथं नळ होता. इथं पाण्याला रांग लागायची. ही चिंच माझ्यापुढं लावलेली.' ती चिंच आता केवढी झाली होती! मला वाटलं होतं तुम्ही रडाल, पण तुमचा चेहरा सासरी निघालेल्या पोरीसारखा झाला होता, घाबरलेला आणि उजळ.

ओळीतली शेवटची खोली. दार नाही, नुसती चौकट. वर पत्रा नाही, आभाळ. आत चुलीचा ओटा तेवढा शाबूत, त्यावर धुराचा काळा डाग. तुम्ही पायरीखाली उभ्या राहिलात. बूट काढलेत. आणि पदर डोक्यावरून घेतलात. भिंगारला मी तुम्हाला कधी डोक्यावर पदर घेतलेलं पाहिलं नव्हतं, मामंजी होते तेव्हाही नाही.

'हाय का कोन घरात?'

मी मागं उभी. आता 'या' म्हणतील आणि आत जातील, म्हणून पिशवी खांद्यावरून उतरवलीसुद्धा. तुम्ही म्हणाला नाहीत. नुसत्या उभ्या. चिंचेवर पोपट कलकलत होते. माझे पाय भरून आले. तुम्ही वळून माझ्याकडे बघितलं नाहीत, काही नाही, मान जराशी खाली, थांबलेल्या. मग बूट घातलेत, पदर खाली घेतलात आणि म्हणालात, 'चल.'

'आत नाही जायचं?'

'कुणी या म्हणालं का?'

मला राग आला. एवढ्या लांब तंगडतोड करून यायचं आणि दारातून परत? मी माझ्या गिरणीच्या आवाजात म्हणाले, 'अहो, दार नाही, छप्पर नाही, कोण म्हणणार इथं? सगळीकडे तुम्हीच म्हणता ना!'

तुम्ही इतक्या शांतपणे बोललात. 'लोकांच्या घरात म्हणते. या घरात मी नाही म्हणायचं शकू. इथं मला म्हणायला हवं कुणीतरी.'

एसटीत मी गप्प बसले नाही. म्हणाले, मग मला सांगायचं होतं, मी म्हटलं असतं. तुम्ही म्हणालात, 'सांगून म्हटलेलं या काय कामाचं?' मी म्हणाले, तुमच्या मनातलं मी ओळखायचं कसं, मी काय देवऋषी आहे? तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, 'आणि तू त्या घरची नाहीस.' हे मला लागलं. मी नाही त्या घरची, पण तुमची आहे की नाही? हे मात्र मी बोलले नाही. नगर येईपर्यंत आपण तोंडं दोन दिशांना करून बसलो होतो. उतरताना मी म्हणाले, पुढच्या हिवाळ्यात मीच आधी आत जाऊन बसते आणि तुम्हाला हाताला धरून ओढते, बघाच. तुम्ही हसलात. 'बघू.' तुमचं 'बघू' म्हणजे काय असतं ते मला माहीत होतं. होकार असायचा तो.

पुढचा हिवाळा कुठला! चहाचं आधण ठेवलंत, 'जरा बसते' म्हणालात आणि ओट्याला टेकून बसलात. पाणी आटून भांडं करपलं तेव्हा मला वास आला.

तुम्हाला न्यायच्या आधी बायकांत कुजबुज चालली होती. हिरवी साडी नेसवायची का, मळवट भरायचा का. बाईंचा माणूस जिवंत आहे का, कुणाला ठाऊक? निरोप धाडावा तर कुठं? एकजण म्हणाली, सासरी कळवायला नको का? तेव्हा मी ओरडले. म्हणाले, ज्यांनी न्यायला यायचं होतं ते आले नाहीत, आता त्यांना विचारून न्यायचं काय? तुमची रोजची मरून रंगाची टिकली लावली, निळी साडी नेसवली. पायात बूट घालावेत असं मनात आलं होतं, पण बोलायचं धाडस झालं नाही.

तर काल. श्रीरामपूर, बेलापूर, पाटाची कड. एकटीला वाट लांब वाटते, आणि मी दोनदा चुकले. ऊस तुटून गेला होता, शेतं मोकळी. चिंच होती. शेवटच्या खोलीपाशी आले. पायरीखाली बूट काढले. मी विचारलं नाही वन्सं. पहिल्यांदाच न विचारता शिरले, कारण आत कुणीतरी असायला हवं होतं ना. चुलीच्या ओट्यावरचा पाचोळा पदरानं झाडला, ओट्याला टेकून बसले, बरोबर तुम्ही बसला होतात तशी. चौकटीतून पायरी दिसत होती, समोरचं ऊन दिसत होतं. पदर सारखा केला आणि म्हातारीसारखं हसून म्हणायचं होतं, पण हसू कुठून आणू?

'हाय. या! वन्सं, या आत!'

माझा आवाज, तुम्हाला माहीत आहे. अख्ख्या वसाहतीत घुमला. चिंचेवरचे पोपट उडाले. कुणी सांगितलं नव्हतं हो मला. सांगून म्हटलेलं नव्हतं हे 'या', माझ्या पोटातून आलं होतं. पुन्हा म्हणाले. ऊन पायरीवरून सरकून भिंतीवर गेलं तरी म्हणत होते. घसा बसला, मग हळू म्हणत राहिले, तुमच्यासारखी. भाकरी फडक्यात तशाच होत्या.

मग माझ्या ध्यानात आलं. ती रीत आपल्याला म्हातारीनं शिकवली होती. आधी उंबऱ्याबाहेरून कुणीतरी विचारायचं, मग आतल्यानं 'या' म्हणायचं. मी दिवसभर आत बसून 'या' म्हणत होते, आणि बाहेरून कुणी विचारलंच नाही.